व्हायरल तापानंतर पाय लुळे, पाठीच्या पाण्याची टेस्ट नॉर्मल, तरी डॉक्टर जीबीएसच म्हणतायत. कोणाला माहिती आहे का?

चिमणपाखरू

नमस्कार, घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. माझा मोठा भाऊ, वय ४६, शुगर नाही बीपी नाही, कधी दवाखान्याची पायरी चढलेला माणूस नाही. दोनेक आठवड्यांपूर्वी त्याला साधा व्हायरल झाला, ताप, घसा, अंगदुखी, नेहमीचंच, आणि बराही झाला, कामावर जायला लागला. मग एक दिवस म्हणे तळपायाला मुंग्या येतायत आणि चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. बी१२ कमी असेल म्हणून गोळ्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी जिना चढताना कठड्याला धरून स्वतःला वर ओढत होता, आणि त्याच्या पुढच्या दिवशी कमोडवरून उठताच येईना, वहिनीने आणि पुतण्याने दोन्ही बाजूंनी धरून उठवला. आता हातही ढिले पडलेत, शर्टाचं बटण लावता येत नाही.

न्यूरोच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, पाय जराही उडाला नाही, तर त्यांनी तिथल्या तिथे आयसीयूत हलवलं. जीबीएस, म्हणजे गियां-बारे सिंड्रोम नावाचा नसांचा आजार, वाटतोय म्हणाले. पण पाठीतून पाणी काढून जी टेस्ट केली ती नॉर्मल आलीय, एनसीव्हीमध्येही (नसांतून करंट कसा जातो ती टेस्ट) "थोडे बदल" एवढंच लिहिलंय. मग निदान नक्की कशावर केलं? श्वास व्यवस्थित चाललाय, बोलतोय, चेष्टा पण करतोय, मग आयसीयू कशाला? आणि आमचे एक नातेवाईक सारखे फोन करून सांगतायत की स्टेरॉइड दिलं की लगेच उतार पडतो, डॉक्टर का देत नाहीत ते विचारा. त्यांनी आयव्हीआयजी का काय ते सुरू केलंय, पाच दिवस द्यायचंय. साध्या व्हायरलमधून एवढं होतं का हो? डोकं चालेनासं झालंय.

रात्रपाळीचा_डॉक्टर

ताई, मी न्यूरोलॉजीत रेसिडेंट आहे. तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा, पण तुम्ही जे लिहिलंय ते पुस्तकात छापल्यासारखं आहे. आधी एखादं इन्फेक्शन, ते बरं झाल्यावर एक ते चार आठवड्यांत दोन्ही पायांत सारखा अशक्तपणा, तो खालून वर चढत जाणारा, आणि रिफ्लेक्स गेलेले. जीबीएसचं निदान मुळात यावरच होतं, रिपोर्टवर नाही. हातोडी मारल्यावर पाय उडाला नाही हे त्यांना कोणत्याही टेस्टपेक्षा जास्त सांगून गेलं असणार.

पाण्याच्या टेस्टबद्दल. १९१६ साली गियां, बारे आणि स्ट्रोल या तिघांनी दोन सैनिकांबद्दल लिहिलं, त्यात हीच गोष्ट होती की पाठीच्या पाण्यात प्रोटीन वाढलंय पण पेशी वाढलेल्या नाहीत. (स्ट्रोलचं नाव पुढे आजारातून गळालंच, बिचारा.) पण हे प्रोटीन वाढायला वेळ लागतो, पहिल्या आठवड्यात बऱ्याच पेशंटमध्ये ते नॉर्मलच येतं. मग टेस्ट करायची कशाला असं तुम्ही विचाराल, तर ती मुख्यतः दुसरं काही नाही ना हे बघायला. पाण्यात पेशी भरपूर वाढलेल्या निघाल्या असत्या तर डॉक्टरांना वेगळा विचार करावा लागला असता. तुमचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे निदान चुकलं असं नाही, उलट बाकीच्या शंका कमी झाल्या. एनसीव्हीचंही तेच, सुरुवातीला अर्धवट बदल दिसतात, दोन-तीन आठवड्यांनी परत केली तर चित्र स्पष्ट होतं.

आता साध्या व्हायरलमधून हे होतं का, तर होतं, पण फार क्वचित. जगभरात वर्षाला लाखात एक ते दोन जणांना जीबीएस होतो, वय वाढेल तसं प्रमाण वाढतं आणि पुरुषांत थोडं जास्त. सुमारे दोन तृतीयांश पेशंट आधी सर्दी-खोकला-ताप किंवा जुलाब झाल्याचं सांगतात. जुलाबवाल्यांत मुख्य गुन्हेगार कॅम्पायलोबॅक्टर, तो बॅक्टेरिया आहे, पण व्हायरसही बरेच आहेत, सीएमव्ही, ईबीव्ही, फ्लू, हेपॅटायटिस ई, झिका. झिकाची गोष्ट तर अशी की २०१३-१४ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियात साथ आली आणि तेवढ्याशा बेटांवर काही महिन्यांत जीबीएसचे ४२ पेशंट निघाले, तेव्हा सगळे खडबडून जागे झाले.

व्हायरस नसांमध्ये घुसून बसलाय असं समजू नका, तो बहुतेक कधीच गेलेला असतो. त्याच्याशी लढायला शरीराने ज्या अँटिबॉडी तयार केल्या त्या चुकून आपल्याच नसांवर उलटतात, कारण दोघांच्या पृष्ठभागावरचे काही रेणू एकसारखे दिसतात. वायरीवरचं कव्हर सोललं की करंट नीट जात नाही तसं नसांवरचं मायलिन गेलं की मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचत नाही. काही जणांत कव्हर शाबूत राहून आतली तारच दुखावते, त्यांना बरं व्हायला जास्त वेळ लागतो.

आयसीयू यासाठी की हा अशक्तपणा छातीच्या आणि छाती-पोटामधल्या पडद्याच्या स्नायूंपर्यंत पोचू शकतो. साधारण पाचातल्या एकाला, काही ठिकाणी चारातल्या एकाला, व्हेंटिलेटर लागतो. आणि यात फसगत अशी की पेशंट गप्पा मारत असतो, ऑक्सिजन ९८ दाखवतो आणि तरी आतून स्नायू थकत आलेले असतात. ऑक्सिजन खाली येईपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो, म्हणून ते दर काही तासांनी फुंकायला लावून व्हायटल कपॅसिटी, म्हणजे एका श्वासात किती हवा बाहेर टाकता येते ते, मोजतात. मशीन हाताशी नसेल तर आम्ही पेशंटला पूर्ण श्वास घेऊन एका दमात एक दोन तीन मोजायला सांगतो. आकडा विसाच्या खाली घसरत चालला की आम्ही सावध होतो. दुसरं कारण हार्ट आणि बीपी, यात बीपी एकदम चढतं, एकदम कोसळतं, नाडी अडखळते, त्यासाठी मॉनिटर लागतोच.

स्टेरॉइडचं त्या नातेवाइकांना सांगा की हे अनेक ट्रायलमध्ये तपासून झालंय, जीबीएसमध्ये स्टेरॉइडचा फायदा नाही, तोंडाने दिलेल्या स्टेरॉइडने तर सुधारणा रेंगाळते असं दिसलंय. आयव्हीआयजी म्हणजे निरोगी लोकांच्या रक्तातल्या अँटिबॉडी शिरेतून, वजनाच्या किलोमागे रोज ०.४ ग्रॅम असे पाच दिवस, किंवा प्लाझ्मा एक्स्चेंज म्हणजे रक्तातला पातळ भाग बदलणं, दोन्हींचा परिणाम सारखाच. आयव्हीआयजी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालेली बरी, तुमच्याकडे ती वेळेत सुरू झालीय. एक आधीच सांगून ठेवतो, औषध सुरू असतानाही अशक्तपणा थोडा वाढू शकतो. आजाराचा खालचा टप्पा बहुतेकांत दोन आठवड्यांत आणि जवळपास सगळ्यांत चार आठवड्यांत गाठला जातो.

रोखठोक

कोणी काही म्हणो, हल्ली हे सगळं लसींमुळे वाढलंय. पूर्वी ताप यायचा आणि जायचा, कोणाचे पाय लुळे पडत नव्हते. भावाची इम्युनिटी कमी झालीय, ती वाढवायची औषधं सुरू करा, आपोआप फरक पडेल.

रात्रपाळीचा_डॉक्टर

@रोखठोक, पूर्वी पडत नव्हते असं कसं म्हणता, लॉन्ड्री नव्हे, लांद्री नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८५९ मध्येच खालून वर चढणाऱ्या लकव्याचे पेशंट लिहून ठेवलेत, तेव्हा देवीशिवाय लस कुठे होती. लसीचा संबंध कधीच नव्हता असं मीही म्हणणार नाही. १९७६ साली अमेरिकेत स्वाइन फ्लूची लस ४ कोटींहून जास्त लोकांना दिली, तेव्हा लाखामागे साधारण एक जादा जीबीएस निघाला आणि ती मोहीम थांबवली गेली. त्यानंतरच्या नेहमीच्या फ्लूच्या लसींमध्ये हा धोका दिसलाच तर दहा लाखांत एक-दोन इतका आहे, आणि खुद्द फ्लू झाल्यावर जीबीएस व्हायचा धोका त्याहून मोठा आहे.

आणि इम्युनिटी वाढवायची औषधं कृपा करून देऊ नका. इथे इम्युनिटी कमी पडलेली नाहीये, ती चुकीच्या माणसावर चालून गेलीय.

परत_उभा

चिमणपाखरू ताई, मी यातून गेलोय, व्हेंटिलेटरसकट. डॉक्टरांनी शास्त्र सांगितलंय, मी आतून कसं असतं ते सांगतो कारण ते कोणी सांगत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे दुखतं. लोकांना वाटतं लकवा म्हणजे काही जाणवत नाही, अहो उलट, माझी कंबर आणि मांड्या रात्रभर ठणकायच्या आणि तळपायावर नुसती चादर टेकली तरी आग व्हायची. नर्सला सांगून पायावरची चादर वर उचलून धरणारी लोखंडी कमान लावून घेतली तेव्हा जरा डोळा लागला. भाऊ दुखतंय म्हणाला तर त्याला "थोडं सहन कर" म्हणू नका, नसांच्या दुखण्याची वेगळी औषधं असतात, गॅबापेंटिन वगैरे, मागून घ्या.

दुसरं, ऐकू सगळं येतं. नळी घातल्यावर बोट हलवता येत नव्हतं, चेहरा सुद्धा गेला होता, डोळे पूर्ण मिटत नव्हते (रात्री मलम लावून पट्टी मारायचे, नाहीतर बुब्बुळ कोरडं पडून जखम होते, हे विचारून घ्या), पण डोकं शंभर टक्के जागेवर. आणि पलंगाशी उभं राहून लोक काय काय बोलत होते, एक काका तर म्हणाले आता हा कसला उठतोय. मी उठलो, काकांशी अजून बोलत नाही.

माझ्या बायकोने एका पुठ्ठ्यावर बाराखडी लिहिली होती. क ची ओळ, च ची ओळ, ट ची ओळ असं बोट फिरवत जायचं, बरोबर ओळ आली की मी वर बघायचो, मग त्या ओळीतलं अक्षर, मग काना मात्रा. पहिला शब्द लिहायला किती वेळ गेला देव जाणे, आणि शब्द काय तर "पाठ". पाठ खाजत होती. व्हेंटिलेटरची वेळ येऊ नये हीच इच्छा, पण असा पुठ्ठा आधीच करून भावाला समजावून ठेवा, बोलता येतंय तोवरच खुणा ठरवून घ्या, वर बघणं म्हणजे हो, खाली म्हणजे नाही.

आणखी एक, मला आयसीयूत विचित्र गोष्टी दिसायच्या, खोली तिरकी झालीय, पलंग गच्चीवर नेऊन ठेवलाय, असं. डोक्यात बिघाड झाला म्हणून मी कोणाला सांगतच नव्हतो, नंतर कळलं की जीबीएसमध्ये अशी स्वप्नं आणि भास बऱ्याच जणांना होतात आणि जातात. त्याला आजच सांगून ठेवा.

दुपारची_झोप

मधेच विचारते, माझ्या भाऊजींना, म्हणजे धाकट्या दिरांना, डेंग्यूत असंच झालं होतं, ताप असतानाच सकाळी उठले तर दोन्ही पाय हलेनात, आम्ही तर रडारड सुरू केली होती. पण सलाइनमधून काहीतरी दिलं आणि दोन दिवसांत चालायला लागले. तोही जीबीएसच का? मग यांना एवढा वेळ का लागतो?

रात्रपाळीचा_डॉक्टर

बहुतेक नाही. डेंग्यूत रक्तातलं पोटॅशियम एकदम खाली जाऊन असा लकवा येऊ शकतो, पोटॅशियम भरून काढलं की एक-दोन दिवसांत माणूस उभा. म्हणून अचानक लुळा पडलेला पेशंट आला की आम्ही सगळ्यात आधी पोटॅशियम बघतो, स्वस्त टेस्ट आणि उत्तर लगेच. डेंग्यूनंतर खरा जीबीएसही होतो, पण तो ताप गेल्यावर, आणि असा दोन दिवसांत पळून जात नाही.

इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, पायांतली ताकद गेली म्हणजे जीबीएसच असं धरून चालू नका. कमरेला किंवा छातीला पट्टा आवळल्यासारखं वाटतंय, त्या रेषेखाली स्पर्श कळत नाही आणि लघवी तुंबलीय, तर ते दुखणं नसांचं नसून मणक्यातल्या मज्जारज्जूचं असू शकतं, ट्रान्सव्हर्स मायलायटिस म्हणतात त्याला. त्यात ताबडतोब मणक्याचा एमआरआय करायचा, आणि तिथे मात्र मोठ्या डोसचं स्टेरॉइडच पहिलं औषध असतं. बहुतेक तुमच्या नातेवाइकांनी असा कोणीतरी पेशंट बघितला असेल, चिमणपाखरू ताई. दोन्ही आजार व्हायरलनंतर होतात, दोन्हींत पाय जातात आणि औषध एकदम वेगळं, म्हणून ओळखीच्या माणसाला काय दिलं ते आपल्या पेशंटला लावायला जाऊ नये.

अजून एक प्रकार, नागीण अंगावर उठते ना, ती तोंडावर डोळ्याच्या भागात उठली तर पुढच्या काही आठवडे-महिन्यांत मेंदूच्या रक्तवाहिनीला सूज येऊन स्ट्रोक होऊ शकतो. कानात उठली तर तोंड वाकडं होतं, ऐकू कमी येतं, चक्कर येते, हे रॅम्सी हंट याने १९०७ मध्ये वर्णन केलंय. तोंड वाकडं झालेल्या माणसाच्या कानात बॅटरी मारून बघा, फोड दिसले तर त्या दिवशीच डॉक्टर गाठा, कारण अँटिव्हायरल आणि स्टेरॉइड पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर चेहरा परत येण्याची शक्यता जास्त असते.

शब्दवेडी

मी आईबद्दल लिहिते, आजार वेगळा आहे पण व्हायरसचाच.

आई साठी ओलांडलेली. दोन दिवस ताप आणि डोकेदुखी, आणि मग बोलण्यात काहीतरी गडबड. कंगवा हातात घेऊन "ती… केसांची लेखणी" म्हणाली. एकच प्रश्न पाच-पाच मिनिटांनी विचारायची. मधेच नाक उडवून म्हणायची, रबर जळतंय कुठेतरी, आणि त्या वेळी तिची नजर क्षणभर कुठेतरी अडकायची. जवळच्या डॉक्टरांकडे नेलं तर वय झालं, टेन्शन आहे, झोपेची गोळी देतो. माझ्या आत्याने तर मानसिक आहे हे जाहीरच करून टाकलं. त्याच रात्री फिट आली.

मोठ्या हॉस्पिटलात एमआरआयमध्ये डाव्या कानाच्या वरचा मेंदूचा भाग सुजलेला दिसला, टेम्पोरल लोब. हर्पिस एन्सेफलायटिस. तोच हर्पिस ज्याने ओठावर फोड येतात, बहुतेक सगळ्यांच्या अंगात झोपून असतो. तिथल्या डॉक्टर बाईंनी रिपोर्टची वाट न बघता असायक्लोव्हिर शिरेतून सुरू केलं आणि म्हणाल्या हे आत्ता दिलं नाही तर उपयोग नाही. पहिली पीसीआर (पाठीच्या पाण्यात व्हायरस शोधायची टेस्ट) निगेटिव्ह आली. आम्हाला वाटलं औषध बंद करतील, पण त्या म्हणाल्या फार लवकर पाणी काढलंय, काही दिवसांनी परत काढू. परत काढलं, पॉझिटिव्ह. पूर्ण तीन आठवडे औषध चाललं, किडनीवर येऊ नये म्हणून बरोबर भरपूर सलाइन.

घरी आली, बरी होती. मग महिन्या-दीड महिन्याने परत विचित्र वागायला लागली, झोप नाही, चिडचिड, तोंड सारखं चघळल्यासारखं हलतंय. व्हायरस परत आला म्हणून आम्ही हादरलो, तर या वेळी पीसीआर निगेटिव्ह आणि एनएमडीए नावाच्या अँटिबॉडी पॉझिटिव्ह. म्हणजे आधी व्हायरसने मेंदू दुखावला आणि मग इम्युनिटीने. त्यावर स्टेरॉइड आणि आयव्हीआयजी दिलं आणि हळूहळू शांत झाली. आता जुनं सगळं आठवतं, लग्नातल्या साड्यांचे रंगसुद्धा, पण सकाळी कोण भेटून गेलं ते दुपारी विचारू नका.

हे यासाठी लिहिलं की तापाबरोबर माणसाचं वागणं किंवा बोलणं बदललं तर ते मानसिक आहे असं कोणीही म्हणो, ऐकून घेऊ नका, त्याच दिवशी न्यूरोवाल्याकडे जा.

रात्रपाळीचा_डॉक्टर

@शब्दवेडी, त्या बाईंना माझा नमस्कार सांगा. हर्पिस एन्सेफलायटिस वर्षाला अडीच ते पाच लाखांत एखाद्याला होतो, औषध न देता सोडला तर सत्तर टक्के पेशंट जातात, आणि पहिल्या तीन दिवसांत पीसीआर खोटी निगेटिव्ह येऊ शकते हे माहीत असूनही निगेटिव्ह रिपोर्ट बघून औषध थांबवणारे लोक मी बघितलेत. आणि ते नंतरचं एनएमडीए प्रकरण वाटतं तेवढं दुर्मीळ नाही, हर्पिस एन्सेफलायटिसमधून वाचलेल्यांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यात पहिल्या काही महिन्यांत असा दुसरा फेरा येतो. घरच्यांना डिस्चार्जच्या वेळी हे सांगायलाच हवं, आम्ही बऱ्याचदा सांगत नाही, घाईत कागद हातात देतो आणि पुढचा बेड.

उजवा_खांदा

सगळे इतके गंभीर अनुभव वाचून माझं लिहावं की नाही असं झालं, पण नाव कोणाला तरी उपयोगी पडेल. पार्सनेज टर्नर सिंड्रोम. १९४८ साली त्या दोघांनी लिहिलं म्हणून हे नाव. मला व्हायरलनंतर एका रात्री उजव्या खांद्यात असं दुखायला लागलं की बसता येईना, झोपता येईना, पेनकिलरचा काहीही परिणाम नाही. पुढे दुखणं कमी झालं आणि मला वाटलं सुटलो, तर हात खांद्याच्या वर जाईना. शर्ट काढून आरशात बघितलं तर पाठीचा फरा बाहेर आलेला. तोपर्यंत फ्रोझन शोल्डर म्हणून शेक आणि व्यायाम, मग मानेची डिस्क म्हणून पट्टा, असे सगळे सोपस्कार झाले होते. शेवटी एका न्यूरोवाल्याने भिंतीला दोन्ही तळवे टेकवून ढकलायला लावलं, फरा उडालेला बघितला आणि लिव्हरचे रिपोर्ट मागितले. लिव्हरचे आकडे वाढलेले, हेपॅटायटिस ई निघाला. कावीळ अजिबात दिसत नव्हती हां. नंतर वाचलं की या आजाराच्या दहातल्या एका पेशंटला हेपॅटायटिस ई असतो, तेव्हा दुखणं बहुतेक दोन्ही खांद्यांत असतं म्हणे, माझं एकातच होतं. नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते असं डॉक्टर म्हणाले, मानेपासून बरगडीपर्यंतचा हिशोब तुम्हीच करा. हात आता वर जातो, पण ओझं घेऊन नाही.

चिमणपाखरू

सगळ्यांचे खूप आभार, रात्री जागून सगळं वाचलं आणि वहिनीलाही वाचून दाखवलं. अपडेट देते. आयव्हीआयजीचा पाचवा डोस झाला. मधे एक दिवस गिळताना ठसका लागत होता म्हणून नाकातून नळी घातलीय. पण व्हेंटिलेटर लागला नाही, एका दमात मोजण्याचा आकडा विसाच्या आसपास येऊन तिथेच थांबलाय, खाली जात नाहीये. दादा स्वतःच दर तासाला मोजून दाखवतो, नर्स वैतागल्यात. पाय मात्र जिथल्या तिथे, बोटही हलत नाही. त्या नातेवाइकांचं आता नवीन सुरू झालंय, की एका कोर्सने गुण नाही तर दुसरा कोर्स द्या नाहीतर प्लाझ्मा बदला. तसं करतात का? आणि पुतण्याने बाबांसाठी दाबायचा रबरी चेंडू आणलाय, तो दिला तर चालेल का?

रात्रपाळीचा_डॉक्टर

आकडा स्थिर झाला ही मोठी गोष्ट आहे. आयव्हीआयजीने नसा दुरुस्त होत नाहीत, हल्ला थांबतो, दुरुस्ती शरीर आपल्या वेळेने करतं. त्यामुळे पाचव्या डोसला पाय हलला नाही म्हणजे औषध लागू पडलं नाही असा अर्थ काढू नका. दुसऱ्या कोर्सचं रीतसर तपासलंय, नेदरलँड्समध्ये जास्त आजारी पेशंटना लगेच दुसरा कोर्स देऊन बघितला, २०२१ मध्ये निकाल आला, फायदा काही नाही, उलट रक्ताच्या गुठळ्यांचे प्रकार वाढले. आणि आयव्हीआयजीच्या पाठोपाठ प्लाझ्मा बदलणं म्हणजे आत्ताच दिलेलं औषध काढून फेकणं. एका परिस्थितीत मात्र परत द्यायचा विचार करतात, पेशंट आधी सुधारला किंवा स्थिर झाला आणि मग परत घसरला तर, दहातल्या एखाद्यात होतं असं. तेव्हा पुढचे काही आठवडे मोजणं सुरू राहू दे, नर्स वैतागल्या तरी.

सहा महिन्यांनी बहुतेक लोक स्वतःच्या पायांवर चालत असतात, साधारण पाचातल्या एकाला तेव्हाही आधार लागतो. तुमचा भाऊ नेमका कुठे बसेल ते आत्ता कोणी सांगू शकत नाही, कोणी सांगत असेल तर सोडून द्या.

फिजिओमावशी

चेंडूचं मी सांगते, माझा रोजचा धंदा आहे. चेंडू आत्ता नको. ज्या स्नायूला निरोपच पोचत नाहीये त्याला ताण देऊन तो थकतो, बाकी काही होत नाही, आणि पेशंट हिरमुसतो की साधा चेंडू दाबता येत नाही. आत्ता काम आहे ते सांधे आखडू न देण्याचं. पाऊल सारखं खाली लोंबत राहिलं तर टाचेची शीर आखडते आणि मग ताकद परत आल्यावरही टाच जमिनीला टेकत नाही, म्हणून पावलं काटकोनात धरणारे स्प्लिंट पहिल्या दिवसापासून हवेत, लावले नसतील तर आजच विचारा. आणि दिवसातून दोन-तीनदा काढून बघा, काच पडून लाल झालं असेल तर दाखवा, स्पर्श कमी असल्यामुळे त्याला कळणार नाही.

कुशीवर वळवताना किंवा उठवताना काखेत हात घालून ओढू नका, खांदा धरून ठेवणारे स्नायू ढिले असतात, सांधा निखळून बसतो आणि मग जीबीएस बरा होऊनही खांद्याचं दुखणं मागे राहतं. घरची मंडळी प्रेमापोटी नेमकं हेच करतात. खाली चादर घालून चादरीने सरकवा.

ताकद परत येताना सहसा वरून खाली येते, आधी मान, खांदे, मांड्या, आणि पावलं सगळ्यात शेवटी. त्यामुळे पायाची बोटं हलत नाहीत म्हणून रोज त्यांच्याकडेच बघत बसू नका, मांडी आवळता येते का ते विचारा. हलायला लागल्यावर लोकांना हुरूप येतो आणि दिवसभर व्यायाम करतात, मग दुसऱ्या दिवशी पूर्ण झोपून. थोडं करायचं, थांबायचं, परत थोडं. थकवा तर ताकद आल्यानंतरही कितीतरी महिने राहतो, तेव्हा ऑफिसवाल्यांना तारीख देऊ नका. पुतण्याला सांगा चेंडू ठेवून दे, लागेल तेव्हा मीच मागेन, आणि तोपर्यंत त्याला ती बाराखडी लिहायला बसवा, नळी घातलेल्या माणसाला बोलून बोलून दम लागतो.